बिनपेडलची सायकल: सात महिन्यांच्या वापरानंतर

मुलगी तीन वर्षांची झाल्यावर आम्ही तिच्यासाठी बिनपेडलची सायकल, म्हणजे जिला दुकानदार ‘बॅलन्स बाइक’ म्हणतात ती, घेतली आणि गेले सात महिने ती जवळजवळ रोज वापरात आहे. दोन चाके, हँडल आणि सीट एवढाच तिचा संसार. पेडल नाही, साखळी नाही, ब्रेकही नाही. पायांनी जमीन मागे रेटायची आणि वेग आला की पाय उचलून घ्यायचे. कल्पना नवी वाटली तरी सायकलीचा जन्मच असा झाला आहे: कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ मध्ये जर्मनीत चालवून दाखवलेल्या दुचाकीलाही पेडल नव्हते.

त्याआधी घरात आधाराच्या दोन जादा चाकांची सायकल होती. तिच्यावर मूल पेडल मारायला शिकते, पण तोल सावरण्याची वेळच त्याच्यावर येत नाही, कारण वळताना आत झुकण्याची मुभा ती चाके देत नाहीत. बिनपेडलच्या सायकलीचा क्रम उलटा आहे. तोल आधी, पेडल नंतर. माझ्या मते तिची सगळी किंमत या एका गोष्टीत आहे.

तोल सावरताना मेंदू आतला कान, डोळे आणि पायांच्या स्नायू-सांध्यांकडून येणारी जाणीव यांचा मेळ घालत असतो, आणि लहान मुलांची भिस्त त्यातल्या त्यात डोळ्यांवर अधिक असते. पहिले काही आठवडे मुलगी मान खाली घालून पुढच्या चाकाकडेच बघत, सायकल दोन पायांत धरून नुसती चालत होती. मग पावले लांबली, नजर वर आली आणि एका संध्याकाळी तिने फरशीच्या चार रेघा पाय न टेकता पार केल्या. या वयात अंगात येणारी ताकद स्नायू जाड झाल्याने कमी आणि मेंदू व स्नायूंचा ताळमेळ बसल्याने अधिक येते, हे त्या चार रेघांनी मला समजले तसे कुठल्याही तक्त्याने समजले नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी आणि त्यातली किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस असावीत. आकडा मोठा वाटतो, पण ही मुले सलग व्यायाम करतच नाहीत. आमची मुलगी चार मिनिटे सुसाट जाते, सायकल आडवी टाकते, मुंग्यांची रांग न्याहाळते आणि पुन्हा स्वार होते. हलकी असल्याने आडवी पडलेली सायकल तिला स्वतः उचलता येते, ही मोठीच सोय आहे.

आता तक्रार. सीटची पकड कच्ची निघाली. मध्यंतरी मुलगी अचानक सायकलीला शिवेनाशी झाली, तेव्हा तिला कंटाळा आला असे आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात सीट तिच्या वजनाने हळूहळू दोन बोटे खाली सरकली होती आणि गुडघे फार दुमडल्यामुळे तिला जमीन रेटताच येत नव्हती. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकावेत आणि गुडघ्यात किंचित बाक राहावा, ही उंची योग्य. आता दर आठवड्याला मी पान्याने नट आवळतो. फोमच्या टायरमध्ये हवा भरावी लागत नाही, मात्र ओल्या फरशीवर ते घसरतात. ब्रेकचे काम बूट करतात, त्यामुळे दोन जोड पुढून झिजून गेले आणि हेल्मेटही वेगळे घ्यावे लागले.

शिवाय ही सायकल पाय आणि धड यांनाच काम देते. लोंबकळणे, चढणे, चेंडू फेकणे-झेलणे, लंगडी घालणे यांतले काहीच तिच्यातून येत नाही. उताराच्या जागेपाशी राहणाऱ्यांनी हातब्रेक असलेलीच घ्यावी. सपाट अंगण असेल तर ही चालेल, पण पाना हाताशी ठेवावा.