मुरुम की वांग? गोळी ठरवण्याआधी हे बघा

सोलापुरात सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी माला-एन आणि मेडिकलमध्ये पैसे मोजून घ्यावी लागणारी ड्रोस्पायरेनोनची गोळी, दोन्ही पाळणा लांबवतात. चेहऱ्यावरचा परिणाम मात्र सारखा नाही.

इस्ट्रोजेन हे बायकी संप्रेरक दोन्हींत आहे. त्याने यकृतात एक प्रथिन वाढतं, ते रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तेल आणि मुरुम वाढवणारं पुरुषी संप्रेरक, धरून ठेवतं आणि त्वचेचा तेलकटपणा उतरतो. फरक पडतो जोडीच्या संप्रेरकाने. माला-एनमधलं ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल काहीसं पुरुषी संप्रेरकाच्या वळणाचं. तरी बऱ्याच जणींचे मुरुम त्यानेही कमी होतात. ड्रोस्पायरेनोन उलट त्या संप्रेरकाला अडवतं. म्हणून दर पाळीआधी हनुवटीवर दुखऱ्या गाठी येत असतील, पीसीओडीमुळे (बीजकोशांच्या संप्रेरक-बिघाडामुळे) राठ केस फुटत असतील, तर डॉक्टरांना हीच गोळी विचारा, असं मी म्हणेन. रक्तात गुठळी होण्याचा धोका मात्र हिच्यात किंचित जास्त, हेही विचारून घ्या. मुरुमांना तीन महिने द्या, राठ केसांना सहा तरी.

वांगाच्या बाबतीत दोन्ही गोळ्या तितक्याच वाईट. इस्ट्रोजेन आणि ऊन एकत्र आले की गाल, कपाळ, वरचा ओठ काळवंडतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. गाडीवर स्कार्फ कितीही घट्ट बांधला तरी डोळ्यांखालची गालाची पट्टी उघडीच राहते. सनस्क्रीन तिथे हवंच. गरोदरपणात वांग आला असेल, तर माझं स्पष्ट मत: या गोळ्या नकोत. बंद केल्यावरही ते डाग महिनोन्‌महिने हटत नाहीत.

अशा बाईला तांबी बरी. कॉपर-टीत संप्रेरकच नाही. आठवड्याच्या ‘छाया’ गोळीतही नाही. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा घ्यायची. ‘अंतरा’ इंजेक्शनात इस्ट्रोजेन नाही, पण काहींना मुरुम येतात, केस गळतात, आणि एकदा टोचलं की तीन महिने ते शरीरातून काढता येत नाही. केस आधीच विरळ असतील तर मी ते टाळेन.

गोळी सोडल्यावर दोन-चार महिन्यांनी कंगव्यात पुंजके येऊ लागले तर घाबरू नका. बहुतेकींचं गळणं सहा महिन्यांत थांबतं. नाही थांबलं तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा.

बीपी, पूर्वी झालेली गुठळी, डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी, पस्तिशीनंतर धूम्रपान, अंगावर पाजतं लहान बाळ: यातलं काहीही असेल तर इस्ट्रोजेनची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.