शासकीय उपयोजित कला महाविद्यालयातील पहिले वर्ष : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

बीएफए (उपयोजित कला) या ललित कलेच्या चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमासाठी मी एका शासकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला, त्याला आता दहा महिने झाले. त्याआधी, बारावी झाल्यावर तीन वर्षे, मी आमच्या तालुक्याच्या गावी फ्लेक्स छपाईच्या दुकानात संगणकावर बसत होतो. वाढदिवसाचे फलक, लग्नाच्या कमानी, निवडणुकीची पत्रके आणि दुकानांच्या पाट्या असे दिवसाला आठ-दहा नमुने हातावेगळे करण्याची सवय झाली होती. परंतु या कामाचे रीतसर शिक्षण असते, आणि ते शासनाच्या महाविद्यालयात आमच्यासारख्या घराला झेपेल अशा शुल्कात मिळते, हे मला वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. ज्यांना तेव्हाच्या माझ्याइतकीच माहिती आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. काही उणिवाही सांगायच्या असल्यामुळे महाविद्यालयाचे नाव देत नाही.

'उपयोजित कला' या नावामुळे अनेकांचा गोंधळ होतो. पूर्वी याच शाखेला कमर्शिअल आर्ट म्हणत असत आणि आज बाहेर जिला कम्युनिकेशन डिझाइन म्हणतात तीही बहुतांशी हीच विद्या आहे. अक्षर, चित्र, रंग आणि मांडणी यांच्या साहाय्याने एखादी गोष्ट ज्याला कळायला हवी त्याला नेमकी कळवणे, हे तिचे काम आहे. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाची स्थापना १८५७ सालची. तेथे १९३५ मध्ये कमर्शिअल आर्टचा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. मुंबईखेरीज नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय कला महाविद्यालये आहेत. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि आयआयटी मुंबईतील डिझाइनचा विभाग याही सार्वजनिक संस्थाच आहेत. मात्र त्यांच्या परीक्षांची तयारी आणि त्यांचे लाखांत जाणारे शुल्क आमच्या घराच्या आवाक्याबाहेरचे होते. खासगी डिझाइन संस्थांची चौकशी मी एकदाच केली आणि तो विषय तेथेच संपवला.

आमच्या दुकानात एक निवृत्त चित्रकला शिक्षक निरोपसमारंभाचा फलक करून घ्यायला आले होते. मी अक्षरे कशी बसवतो ते बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "एलिमेंटरी-इंटरमिजिएट झाली आहे का?" चित्रकलेच्या या दोन्ही शासकीय परीक्षा शाळेत असताना झाल्या होत्या, पण दहावीच्या वाढीव गुणांपलीकडे त्यांचा काही उपयोग असतो असे मला कोणी सांगितले नव्हते. त्या सरांनी राज्य सीईटी कक्षाच्या कला शाखेच्या प्रवेश परीक्षेची माहिती दिली. बारावीची कोणतीही शाखा चालते. परीक्षेत स्थिरवस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र काढावे लागते आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न असतात. मी चार महिने दुकान बंद झाल्यावर रोज दोन तास सराव केला. स्मरणचित्रासाठी एसटी स्थानक, आठवडी बाजार आणि गिरणीपुढची रांग यांतली माणसे काढली. शहरातील मुले यासाठी शिकवणी लावतात. माझे काम त्या सरांच्या जुन्या वह्या आणि त्यांचा रविवार यांवर भागले. ते सर दुकानात आले नसते तर मी आजही तेथेच फलक करत असतो, म्हणून या शिक्षणाच्या वाटेतला पहिला अडसर मला शुल्काचा नव्हे, माहितीचा वाटतो.

पहिल्या वर्षाबद्दल सांगण्यासारखे सर्वांत जास्त अक्षरलेखनाच्या तासांविषयी आहे. मी आलो तेव्हा माझ्या मनात थोडा अभिमान होता, कारण कोरलड्रॉ हे संगणकावर मांडणी करण्याचे सॉफ्टवेअर मला वर्गातील बहुतेकांपेक्षा चांगले येत होते. पहिले दोन आठवडे मात्र आम्हाला कट निबने, म्हणजे तिरप्या कापलेल्या चपट्या टोकाच्या निबने, केवळ उभ्या, आडव्या आणि तिरप्या रेघा काढायला लावल्या. त्यानंतर ग, न, प, मग व, ब, क, आणि कितीतरी नंतर जोडाक्षरे. रोमन अक्षरांत जाड-बारीकपणाचा कल एका बाजूला असतो, तर देवनागरीत तो नेमका उलट असतो. त्यामुळे इंग्रजी सुलेखनासाठी कापलेला निब मराठीला चालत नाही, हे मला हाताने लिहून पाहीपर्यंत कधी लक्षातच आले नव्हते.

या रेघांमुळे माझ्या तीन वर्षांच्या कामातील चुका मला एकेक करून दिसू लागल्या. फलकावर नाव मावत नसले की दुकानात आम्ही ते दोन्ही बाजूंनी दाबून बसवत असू. तसे केले की काना आणि उभे दंड बारीक होतात, परंतु शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते आणि सगळे अक्षर छपराखाली चेंगरल्यासारखे दिसते. अक्षर उठून दिसावे म्हणून आम्ही त्याला दोन-तीन रंगांच्या जाड कडा देत असू, त्यामुळे ध, थ आणि ळ यांच्या पोटातली मोकळी जागा बुजून जात असे. दोन ओळींमधील अंतर आम्ही इंग्रजीच्या सवयीने ठेवायचो, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला किंवा वेलांटीला जाऊन भिडायचा. हे फलक गावात लागत, लोक ते वाचतही असत, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांना किती कष्ट पडत असतील याचा विचार मी कधी केला नव्हता. महाविद्यालयात पहिल्या सहामाहीत एका सरांनी माझा जुना फलक मागून घेतला, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त अक्षरांमधल्या मोकळ्या जागा पेन्सिलीने भरायला सांगितल्या, आणि तो कागद उचलल्यावर वेगळे काही समजावून सांगण्याची गरज राहिली नाही.

ल आणि श यांचीही गोष्ट अशीच आहे. दुकानातील अनेक टंकांमध्ये (फॉन्टमध्ये) हिंदी वळणाचे ल आणि श होते आणि आम्ही तेच वर्षानुवर्षे छापत होतो. मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा, असा राज्य शासनाचा २०२२ सालचा निर्णय आहे. मला त्याची माहिती वर्गातच मिळाली. आता कोणताही टंक निवडताना मी आधी ही दोन अक्षरे पाहतो. विंडोजमध्ये वर्षानुवर्षे डोळ्यांखालून जाणारा 'मंगल' हा टंक र. कृ. जोशी यांनी घडवला आणि ते आयआयटी मुंबईत शिकवत असत, हे कळल्यावर टंकांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. टंक माणसे घडवतात, आणि ती मराठी माणसेही असू शकतात, हे मला तोवर जाणवलेच नव्हते.

दुसऱ्या सहामाहीतील एक काम मला विशेष मोलाचे वाटते. जुलाब झाल्यावर द्यायचे साखर-मिठाचे पाणी घरी कसे करावे हे वाचता न येणाऱ्या माणसालाही समजेल, असे चित्रपत्रक करायचे होते. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढाच मजकूर. मी दोन दिवसांत नीटस पत्रक केले आणि सुट्टीत घरी गेलो तेव्हा आत्याला दाखवले. तिने मीठही साखरेइतकेच घ्यायचे असे सांगितले, कारण मी दोन्ही चमचे सारख्याच आकाराचे काढले होते आणि अर्धा चमचा दाखवण्यासाठी मारलेली तिरपी रेघ तिला चमच्याची दांडी वाटली. मीठ जास्त झाले तर हेच पाणी लहान मुलाला अपाय करते, म्हणजे माझे सुंदर पत्रक घातक होते. 'सपाट' हा शब्द चित्रात दाखवणे तर त्याहून अवघड निघाले. शेवटी सुरीच्या पात्याने चमच्यावरची साखर निपटून काढणारा हात मी काढला, पुढे शेजारच्या चौघींना दाखवून पाहिला, आणि सातव्या कच्च्या आराखड्यानंतर तो त्यांना न सांगता समजला. दुकानात ग्राहकाने 'छान झाले' म्हटले की काम संपत असे. येथे ते समजले की नाही हे तपासल्याशिवाय संपत नाही.

आता पैशांविषयी. शुल्क प्रवर्गानुसार आणि उत्पन्नानुसार बदलते, म्हणून माझा आकडा सांगून उपयोग नाही; एवढेच सांगतो की वर्षाचे शुल्क माझ्या दुकानातील एका महिन्याच्या पगारात बसले. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्तींच्या संकेतस्थळावरून राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजनांसाठी कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो. ही रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच हातात असेल असे मात्र गृहीत धरू नये. खरा खर्च साहित्याचा आहे, आणि तो प्रवेशपुस्तिकेत कोठेच लिहिलेला नसतो. मी हिशेबाची वही ठेवली आहे. दहा महिन्यांत कागद, माउंटबोर्ड (चित्र चिकटवायचा जाड पुठ्ठा), पोस्टर कलर, ब्रश, निब, छपाई आणि सबमिशनच्या वेळची धावपळ यांवर माझे एकवीस हजार चारशे रुपये गेले आणि जुना लॅपटॉप चोवीस हजारांना घ्यावा लागला. माझ्याजवळ दुकानातली शिल्लक होती. बारावीनंतर थेट आलेली माझ्या वर्गातील दोन मुले सबमिशनच्या आठवड्यात इतरांनी फेकलेल्या माउंटबोर्डाची मागची बाजू वापरत होती. शिक्षण स्वस्त ठेवायचे असेल तर साहित्याचा एक सामायिक साठा प्रत्येक शासकीय कला महाविद्यालयात असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

उणिवांपैकी सर्वांत मोठी उणीव शिक्षकांच्या संख्येची आहे. आमचे काही विषय तासिका तत्त्वावर येणारे शिक्षक शिकवतात. त्यांच्यातले काही अतिशय तळमळीचे आहेत, परंतु सहामाहीच्या मध्येच एक शिक्षक सोडून गेले आणि छायाचित्रणाचे तास सहा आठवडे झाले नाहीत. संगणक कक्षातील यंत्रे जुनी आहेत आणि दोन विद्यार्थ्यांना एका यंत्रावर बसावे लागते. सॉफ्टवेअरविषयी मात्र माझे मत बदलले आहे. वर्गात आम्ही इंकस्केप, क्रिटा आणि स्क्रायबस ही मुक्त सॉफ्टवेअर वापरायला शिकलो, आणि मुक्त परवान्याच्या 'मुक्ता' या टंकासारख्या युनिकोड टंकांवर कामे केली. दुकानात आम्ही जुन्या पद्धतीच्या टंकांत टाइप केलेला मजकूर दुसरीकडे नेला की त्याची चिन्हे होऊन जात. युनिकोड या सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या पद्धतीत तो मजकूर शोधता येतो, संकेतस्थळावर टाकता येतो आणि पडदावाचक सॉफ्टवेअर तो अंध व्यक्तीला वाचूनही दाखवते. बुडालेल्या तासांची भरपाई आम्ही डी'सोर्स या आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने झालेल्या विनामूल्य संकेतस्थळावरून आणि स्वयम्‌ या केंद्र शासनाच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमांतून काही प्रमाणात केली. ही साधने चांगली आहेत, पण बहुतांश मजकूर इंग्रजीत असल्याने आम्ही पाच-सहा जण एकत्र बसून तो मराठीत समजून घेत असू.

माझ्या वर्गात एक कर्णबधिर विद्यार्थिनी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान पाच टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत, आणि तिला प्रवेश त्यामुळेच मिळाला. प्रात्यक्षिकांत ती आमच्यापुढे असते. परंतु व्याख्यानाला खुणांच्या भाषेचा दुभाषी नसतो, म्हणून आम्ही पाळीपाळीने तिच्याशेजारी बसून मुद्दे लिहून देतो. वर्गमित्रांनी हे आनंदाने करावे हे ठीकच आहे, पण ही व्यवस्था आमच्या मर्जीवर अवलंबून असू नये.

ज्याला झटपट सॉफ्टवेअर शिकून नोकरी हवी आहे, त्याने येथे येऊ नये. त्यासाठी सहा महिन्यांचा वर्ग पुरेसा आहे. मात्र ज्याला हाताने काम करायला आवडते, ज्याची चार वर्षे द्यायची तयारी आहे आणि ज्याच्या घरी लाखांचे शुल्क भरण्याची सोय नाही, त्याच्यासाठी याहून चांगला पर्याय माझ्या माहितीत नाही. अशांनी नॉन-क्रीमीलेयर, जातवैधता आणि उत्पन्नाचे दाखले बारावीच्या वर्षातच काढून ठेवावेत, कारण माझ्याबरोबर निवड झालेल्या एका मुलाची जागा केवळ दाखला वेळेत न मिळाल्यामुळे गेली. पहिल्या वर्षाच्या साहित्यासाठी वीस हजार रुपये वेगळे ठेवता आले तर पाहावे. आणि रोज एक चित्र समोर पाहून काढावे, मोबाइलवरून नव्हे.

आमच्या दुसऱ्या वर्षाच्या साहित्याची यादी कालच सूचना फलकावर लागली. तीत कॅमेऱ्यापुढे 'असल्यास आणावा' असे लिहिले आहे, आणि आम्ही चौघांनी मिळून एक जुना कॅमेरा घेण्याचे ठरवले आहे.