निष्कर्ष आधीच काढून ठेवावेत, की प्रश्न आल्यावर?

रुग्णालयाच्या डेटाबेसमध्ये हृदयरोगतज्ज्ञांचं एक टेबल आहे, भूलतज्ज्ञांचं दुसरं. ‘डॉक्टर’ नावाचं टेबलच नाही. हे दोघेही डॉक्टर, हे ऑन्टॉलॉजीला, म्हणजे संकल्पना आणि त्यांच्या नात्यांचे नियम मांडणाऱ्या वर्णनाला, ठाऊक. आता ‘सगळे डॉक्टर दाखवा’ या क्वेरीचं, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं, उत्तर कसं काढायचं?

आरडीफॉक्स हे ऑक्सफर्ड विद्यापीठात घडलेलं इंजिन ऑन्टॉलॉजीच्या नियमांतून निघणारे सगळे निष्कर्ष आधीच काढून मेमरीत ठेवतं. क्वेरी आली की फक्त वाचायचं, म्हणून उत्तर झटपट. किंमत मोजावी लागते ती रॅममध्ये. बोल्झानो विद्यापीठातून आलेलं ऑन्टॉप हे ओपन सोर्स इंजिन मात्र डेटा हलवतच नाही. ते क्वेरीच नव्याने लिहितं: दोन टेबलांवर दोन सिलेक्ट (निवड), मध्ये युनियन (एकत्रीकरण), आणि डेटाबेसच्या भाषेतली ही एसक्यूएल क्वेरी तुमच्या मूळ डेटाबेसवर चालते. २०१२ ते २०१६ या काळातल्या ऑप्टिक प्रकल्पात नॉर्वेच्या स्टॅटऑइल या तेल कंपनीच्या भूगर्भतज्ज्ञांसाठी हाच मार्ग वापरला होता.

डेटा सतत बदलत असेल तर ऑन्टॉप सोपं पडतं, कारण शिळं होण्यासारखं काही साठवलेलंच नसतं. आरडीफॉक्समध्ये खरी परीक्षा माहिती काढून टाकताना होते. एखादी व्यक्ती डॉक्टर आहे हे दोन कारणांनी ठरलं असेल आणि त्यातलं एक कारण पुसलं, तर निष्कर्ष टिकायलाच हवा. तो टिकतो का, हे आरडीफॉक्स सगळं पुन्हा न मोजता तपासतं. मला त्यातलं हे काम सर्वांत मोलाचं वाटतं.

पण निवड बहुतेकदा नियमांवरच ठरते. आऊल २ ही ऑन्टॉलॉजी लिहिण्याची प्रमाणित भाषा; क्यूएल आणि आरएल हे तिचे मर्यादित नियमांचे उपसंच, म्हणजे प्रोफाइल. ऑन्टॉप २००९ च्या आऊल २ क्यूएल प्रोफाइलवर उभं आहे आणि त्यात संक्रामक (ट्रान्झिटिव्ह), म्हणजे एका कडीतून पुढच्या कडीत जाणारे, संबंध मांडता येत नाहीत. झडप हृदयाचा भाग, हृदय रक्ताभिसरण संस्थेचा भाग, म्हणून झडपही त्या संस्थेचा भाग: अशी कितीही लांबणारी साखळी क्यूएलच्या नियमांत बसत नाही. आऊल २ आरएलमध्ये ती बसते, आणि आरडीफॉक्स ती सहज पेलतं. शिवाय वर्गांची उतरंड खोल असेल तर नव्याने लिहिलेली क्वेरी अक्राळविक्राळ फुगू शकते.

त्यामुळे जुना रिलेशनल डेटाबेस जागचा हलवता येत नसेल आणि नियम साधे असतील, तर मी बिनधास्त ऑन्टॉप घेईन. नियमांत ‘भागाचा भाग’ दिसला, की आरडीफॉक्स, आणि रॅमचा हिशेब पहिल्याच दिवशी.