जिमच्या नावाखाली माझे भिशीचे पैसे गेले, नवीन जॉईन होणाऱ्यांनी नक्की वाचा

जानेवारीत माझी भिशी लागली, ३०,००० रुपये. त्याच महिन्यात गुडघ्यासाठी हाडाच्या डॉक्टरांकडे गेले होते, ते म्हणाले वय ४३ आहे, पाळी जायच्या वयात हाडं आणि स्नायू दोन्ही झिजायला लागतात, नुसतं रंकाळा तलावावर चालून भागणार नाही, वजन उचलायचे व्यायाम सुरू करा. हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता आणि आजही मी तेच म्हणते, त्यामुळं हे वाचून कुणी व्यायाम सोडू नका. फसवणूक झाली ती पुढं.

घराजवळच एक नवीन जिम झालीय, एसी, आरसे, लेडीज बॅच वेगळी. नाव लिहीत नाही. दुपारी जेवून भांडी आवरून उन्हातनं चालत गेले, नुसती चौकशी करायची होती. तिथल्या मुलीनं चपला काढायला लावून एका मशीनवर उभं केलं, हातात दोन दांडे दिले आणि अर्ध्या मिनिटात कागद बाहेर आला. ट्रेनरनं लाल पेन काढलं आणि कागदावर एका आकड्याला गोल केला, मेटाबॉलिक एज ५८. मग फॅटच्या आकड्याला दुसरा गोल. म्हणाला, मॅडम तुमचं शरीर ५८ वर्षांच्या बाईचं झालंय, आता हात घातला नाही तर अवघड आहे. माझी आई ५९ व्या वर्षी अटॅकनं गेली. त्याला ते माहीत नव्हतं, पण माझे हात गार पडले आणि पुढचं सगळं मी त्या भीतीतच केलं.

वर्षाची फी १२,०००. ऑफर आज रात्री बारापर्यंतच. ह्यांना फोन करून विचारते म्हटलं तर म्हणाले आत्ता बुक करा, सर काय नाही म्हणणारेत व्हय. मग कळलं की बिगिनरला पर्सनल ट्रेनिंगशिवाय फ्लोअरवर सोडत नाहीत, इंजुरी होते म्हणे, त्याचे ३ महिन्यांचे ३६ सेशन, १५,०००. दुसऱ्या आठवड्यात प्रोटीनचा डबा आणि फॅट बर्नरच्या गोळ्या, ६,४००, ते पैसे जिमच्या खात्यावर नाही, ट्रेनरच्या स्वतःच्या नंबरवर, बिल नाही. एकूण ३३,४००. भिशी तर गेलीच, वरचे ३,४०० घरखर्चातले गेले.

आता त्या मशीनचं सांगते, कारण बऱ्याच जणी तिथंच घाबरतात. ते मशीन अंगातनं अगदी बारीक करंट सोडतं आणि तो किती अडतो त्यावरनं अंदाजानं फॅट काढतं. पाण्यातनं करंट सहज जातो, चरबीतनं जात नाही, म्हणून जेवलाय का, पाणी किती प्यालाय, घाम किती आलाय, पाळी चालू आहे का, सगळ्यानं आकडा हलतो. मी नंतर एकाच दिवशी सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी असं दोनदा उभी राहिले तर फॅटमध्ये ३ टक्क्यांचा फरक! एका दिवसात कुणाची चरबी एवढी बदलते का? आणि ते मेटाबॉलिक एज म्हणजे काही आजाराचं निदान नव्हे, कंपनीनं आपल्या हिशोबानं काढलेला आकडा आहे. कुठल्याही डॉक्टरनं मला ते विचारलेलं नाही.

ट्रेनिंग म्हणजे काय होतं तर रोज वेगळं काहीतरी. आज दोर आपटायचे, उद्या अर्ध्या चेंडूवर तोल सांभाळायचा, परवा उड्या, मग २ किलोचे गुलाबी डंबेल. मी विचारलं रोज बदलता का, तर म्हणे मसल कन्फ्यूज करायचा असतो. एका वेळी आम्ही तिघी आणि तो मोबाईलवर. घाम बदाबदा यायचा, दुसऱ्या दिवशी जिना उतरता यायचा नाही आणि मला वाटायचं भारी चाललंय. दुखलं म्हणजे लागू पडलं हे त्याचं नेहमीचं वाक्य. खरं तर नवीन काहीही केलं की अंग दुखतंच, त्याचा ताकद वाढण्याशी सरळ संबंध नाही, हे मला फार उशिरा समजलं.

मार्चच्या शेवटी माहेरी गेले. माझे आप्पा ७४ वर्षांचे, तरुणपणी पेठेतल्या तालमीत होते. कौतुकानं विचारलं, "मग, किती वजन उचलतीस आता?"

मला सांगताच येईना. अडीच महिने झाले होते, २७,००० फी भरली होती आणि सुरुवातीला किती उचलत होते आणि आता किती, यातला एकही आकडा माझ्याकडं नव्हता. आप्पा म्हणाले, "आमच्यात वस्ताद पहिल्या दिवशी वीस बैठका मारायला लावायचा, आठवड्यानं पंचवीस. कोण कितीवर आहे ते त्याला तोंडपाठ असायचं. मोजत नाही तो शिकवत नाही बाळ." त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधून घेतलं, १९१२ सालापासून जिथं कुस्त्या होतायत, त्या कोल्हापुरात ताकद वाढवायच्या नावाखाली मला अडीच महिने नुसतं दमवलं होतं.

सोमवारी जाऊन ट्रेनरला माझं रेकॉर्ड मागितलं. नाहीच. "मॅडम लेडीजना आकडे लागत नाहीत, टोनिंग बघायचं असतं." आठवड्यानं तो जिम सोडूनच गेला. माझे १४ सेशन शिल्लक होते. नवीन ट्रेनर म्हणाला जुनी सेशन लॅप्स, परत असेसमेंट करू, ९,००० चं पॅकेज आहे. परत तेच मशीन, परत पेन बाहेर. मी मशीनवर चढलेच नाही.

डब्याचं तर विचारू नका. झाकणाखालचं सील आधीच सुटलेलं होतं, मला वाटलं असंच असतं. नंतर भाच्यानं बघितलं, इम्पोर्टेड लिहिलंय पण आयात करणाऱ्याचं नाव पत्ता नाही, एफएसएसएआयचा (खाण्याच्या मालाला परवाना देणारी सरकारी संस्था) १४ आकडी लायसन्स नंबर नाही, आणि माल असली आहे का ते तपासायचा स्क्रॅच कोड कंपनीच्या साईटवर टाकला तर आधीच वापरला गेलाय असं आलं. गोळ्यांनी दोन दिवसांत छातीत धडधड आणि रात्रभर टक्क जागी, बंद केल्या. डॉक्टरांनी पाकीट बघितलं, कॅफीन भरपूर होतं, चांगलंच रागावले.

मग मी १९१५ ला फोन केला, ही ग्राहकांची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, मराठीतही बोलतात. पावती, पॅकेजचा कागद, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज सगळं दिलं. पावतीवर नॉन रिफंडेबल छापलं होतं म्हणून मी गप्प बसणार होते, पण नुसतं छापलं म्हणजे विषय संपला असं नसतं. जी सेवा दिलीच नाही तिचे पैसे मागता येतात, आणि बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित प्रथा आहे. इथं मिटलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही. दहा दिवसांनी जिमवाल्यांचा फोन आला. १४ सेशनचे हिशोबानं ५,८३३ होत होते, त्यांनी ५,००० दिले. डब्याचे आणि गोळ्यांचे ६,४०० बुडाले, कारण बिल नव्हतं. डबा जपून ठेवलाय, अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार देणार आहे.

आता एका साध्या व्यायामशाळेत जाते, महिन्याच्या महिन्याला फी. आठवड्यात ३ दिवस, पाचच व्यायाम: बाकावर बसून उठायचं स्क्वॉट, कंबरेतनं वाकून जमिनीवरचं वजन उचलायचं डेडलिफ्ट, छातीचा प्रेस, केबल ओढायचं रोईंग, खांद्याचा प्रेस. प्रत्येकी ३ सेट, ८ ते १० वेळा, मध्ये दोन मिनिटं दम खायचा. तिथल्या बाईंनी पहिले तीन दिवस वजनाला हातच लावू दिला नाही, नुसती काठी घेऊन कंबरेतनं वाकायला शिकवलं. एवढं शिकायला मला ३६ सेशन लागले नाहीत. प्रोटीन म्हणाल तर अंडी, दूध, डाळ, सोयाबीन.

आणि जिम बघायला जाल तेव्हा जेवून लगेच मशीनवर चढू नका, त्याच दिवशी पैसे भरू नका, आणि तिथं सहा महिने येणाऱ्या एखाद्या बाईला विचारा, ताई तुम्ही सुरुवातीला किती उचलत होता आणि आता किती.

माझी शंभर पानी वही आहे. पहिल्या पानावर डेडलिफ्ट १० किलो लिहिलंय, काल ३५ लिहिलं आणि फोटो काढून आप्पांना पाठवला.