अनुवादाच्या वर्गात समाजशास्त्र : बारा शनिवारांचा हिशेब

गेल्या वर्षी पुण्यातील एका विद्यापीठाच्या भाषा विभागाने अनुवाद आणि आंतरसांस्कृतिक संवाद या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना समाजशास्त्राची ओळख करून देणारा बारा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यात बाहेरच्या व्यावसायिक अनुवादकांसाठीही काही जागा ठेवल्या. शुल्क साडेसहा हजार रुपये होते आणि वर्ग दर शनिवारी दुपारी अडीच तास चालत असे. मी चौदा वर्षे अनुवादाचे काम करते; जमिनीचे खटले, औषधांच्या वेष्टनातील माहितीपत्रके, स्वयंसेवी संस्थांचे अहवाल आणि अधूनमधून एखादी कादंबरी असे हाती येईल ते काम घेते. समाजशास्त्राशी माझा संबंध मात्र बारावीच्या पाठ्यपुस्तकापाशीच संपलेला होता. त्यामुळे साडेसहा हजारांत नेमके काय पदरात पडते, हे पाहण्याच्या उद्देशाने मी नाव नोंदवले.

पहिले दोन शनिवार वाया गेले, असेच म्हणावे लागेल. समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या ऑग्युस्त कॉम्त, एमिल दुर्खीम आणि मॅक्स वेबर यांची जन्मसाले, ग्रंथ आणि सिद्धान्त फळ्यावर क्रमाने उतरत होते, समोरचे वीस-बावीस जण ते वहीत उतरवून घेत होते, आणि दुर्खीमने १८९७ मध्ये आत्महत्येसारख्या अगदी खासगी वाटणाऱ्या कृतीचा सामाजिक घटना म्हणून अभ्यास केला, या खरोखर विलक्षण गोष्टीचाही वर्गातील कोणाला अचंबा वाटला नाही. अनुवादकाने हे का शिकायचे, याचे उत्तर त्या पाच तासांत एकदाही मिळाले नाही.

तिसऱ्या शनिवारी मात्र शिक्षकांनी स्थानिक वृत्तपत्रातील वधू-वर विषयक पानाच्या छायाप्रती वाटल्या आणि त्यातील एक जाहिरात इंग्रजीत आणायला सांगितली. जाहिरात जेमतेम पंचवीस शब्दांची होती. वधू सुस्वरूप आणि गृहकृत्यदक्ष, वर निर्व्यसनी, अपेक्षा अनुरूप स्थळाची, आंतरजातीय चालेल आणि शेवटी कंसात एससी, एसटी क्षमस्व. शब्दकोश उघडून अर्ध्या तासात सगळ्यांचे मसुदे तयार झाले. मग शिक्षकांनी एकच प्रश्न विचारला : हा मजकूर ज्या परदेशी वाचकासाठी आणला आहे, त्याला यातून काय कळेल? तेव्हा लक्षात आले की ‘स्थळ’ हा शब्द आम्ही कोणी मुलगा केला होता, कोणी कुटुंब, कोणी प्रस्ताव. मराठीत मात्र तो एकाच वेळी घर, घराणे, ऐपत आणि त्या घरातला लग्नाचा मुलगा हे सगळे सांगतो. ‘आंतरजातीय चालेल’ आणि ‘क्षमस्व’ यांच्यामध्ये जो कंस होता, त्याच्या अलीकडे उदारपणा होता आणि पलीकडे अस्पृश्यता, आणि तीही किती अदबीने. आमच्यापैकी बहुतेकांनी ‘क्षमस्व’चे भाषांतर नीट केले होते, त्या शब्दाने वाक्यात काय काम केले आहे, हे एकाच विद्यार्थिनीने टिपले होते, आणि तिच्या मसुद्यात तो शब्द मुद्दाम अधिक औपचारिक, जवळजवळ कार्यालयीन केलेला होता. पुढचा दीड तास वर्गात जी चर्चा झाली, तिच्यासाठी मी अर्धे शुल्क आनंदाने देईन.

त्याच तासाला जोडून ‘समाज’ या शब्दाचा सराव झाला. मराठीत समाजाला तोंड दाखवायला जागा उरत नाही, समाजाचे मंगल कार्यालय असते, समाजाचा मेळावा भरतो आणि समाज बदलायलाही हवा असतो. या चार वाक्यांपैकी शेवटचे सोडले तर बाकीच्यांत ‘समाज’ म्हणजे बहुधा आपली जात. शास्त्राच्या नावात असलेलाच शब्द रोजच्या बोलण्यात असा दुहेरी चालतो, याकडे मी चौदा वर्षांत कधी थांबून पाहिले नव्हते. स्वयंसेवी संस्थांच्या इंग्रजी अहवालांतील ‘कम्युनिटी’साठी मी डोळे झाकून ‘समुदाय’ लिहीत आले आहे आणि गावातला वाचक तो शब्द वाचून परका चेहरा का करतो, हे आता थोडे कळते.

पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात समाजशास्त्रज्ञ आर्व्हिंग गॉफमन अभ्यासाला आले आणि त्यांच्याबरोबर दुभाषाचे काम. आपण जेव्हा बोलतो तेव्हा शब्द तोंडाने उच्चारणारा, ते जुळवणारा आणि ज्याच्या भूमिकेला त्या शब्दांनी बांधिलकी येते तो, या तीन भूमिका एकाच माणसात असतातच असे नाही, हे गॉफमन यांचे म्हणणे दुभाषाला लावून पाहिले की फार उजेड पडतो. सेसिलिया वाडेनशो यांनी १९९८ च्या आपल्या पुस्तकात दुभाषाच्या कामाचा अभ्यास याच अंगाने केला आहे. वर्गात त्यासाठी छोटा प्रवेश बसवला होता. एक विद्यार्थी परदेशी संशोधक झाला, लातूरकडची एक विद्यार्थिनी आपल्या आजीच्या बोलीत खेड्यातली म्हातारी झाली आणि तिसरा दुभाषा. संशोधकाने पतीचे नाव विचारले. म्हातारी म्हणाली, “मालक वारले की आमचं, तीन वर्सं झाली.” दुभाष्याने, जो मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकलेला होता, तिचा जमीनमालक वारल्याचे सांगितले. हशा झाला. पण खरा पेच पुढे होता, कारण दुरुस्ती झाल्यावरही म्हातारी नवऱ्याचे नाव काही घेईना. दुभाष्याने ते शेजारणीला विचारून सांगावे, की बाई नाव घेत नाहीत एवढेच संशोधकाला सांगावे, की नाव का घेत नाहीत हेही समजावून सांगावे? पहिल्यात तो मदतनीस होतो, दुसऱ्यात निव्वळ आवाज, तिसऱ्यात बाईंच्या वतीने बोलणारा जाणकार, आणि तिसऱ्यासाठी त्याला बाईंनी नेमलेले नसते. शिक्षकांनी उत्तर दिले नाही, आणि ते बरेच केले.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांच्यावरचे तीन शनिवार विषयाच्या दृष्टीने सर्वांत भारी आणि मांडणीच्या दृष्टीने सर्वांत कच्चे होते. इंग्रजी टिपणे वाचून दाखवली गेली आणि ‘हॅबिटस’ला मराठीत काय म्हणावे, यावर मधल्या चहाच्या सुट्टीत आम्हीच भांडलो. कोणी ‘सवयसंच’ सुचवला, जो ऐकायला औषधपेटीसारखा वाटतो. कोणी ‘संस्कार’, ज्याला मुंजीचा वास येतो. शेवटी सोलापूरच्या एका मध्यमवयीन शिक्षिकेने “वळण म्हणा की” असे सांगितले आणि भांडण मिटले. घराचे वळण, अक्षराचे वळण, मुलांना वळण लावणे, पाण्याने वळणावर जाणे : लहानपणापासून अंगात मुरलेले, नकळत चालणारे, तरीही नव्या प्रसंगी नवे वागणे घडवणारे असे जे काही बोर्द्यू यांना म्हणायचे आहे, त्याच्या बरेच जवळ हा शब्द जातो. त्यांचे ‘भांडवल’, म्हणजे पैशाबरोबरच शिक्षण आणि ओळखीपाळखी यांचीही पुंजी, तर मराठीला शिकवायलाच नको. एखाद्या गोष्टीचे भांडवल करू नका, असे आपण पैशाचा संबंध नसतानाही म्हणतो. हा अर्धा तास अभ्यासक्रमाच्या आराखड्यात नव्हता. तो असायला हवा होता, कारण समाजशास्त्राची संज्ञा मराठीत आणताना होणारी ओढाताण हाच अनुवादाच्या विद्यार्थ्यासाठी समाजशास्त्राचा सर्वांत चांगला धडा आहे.

अनुवादाचे अभ्यासक डॅनिएल सिमेओनी यांचा १९९८ मधील लेख याच भागात वाचायला होता. अनुवादकाच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या एक प्रकारची आज्ञाधारकता मुरलेली असते, मूळ लेखक, प्रकाशक आणि प्रस्थापित भाषा यांच्यापुढे तो आपण होऊन मान तुकवतो, असा त्यांचा मुद्दा. वर्गातल्या विशीतल्या मुलांना तो जरा अतिरेकी वाटला. आम्हा कामकरी मंडळींना नाही वाटला. शब्दामागे किती पैसे मिळतात, हे विचारताना आपला आवाज का खाली जातो आणि मुखपृष्ठावर नाव नसल्याचे आपण पुस्तक छापून आल्यावरच का पाहतो, याची उत्तरे त्या लेखाच्या आसपास कुठेतरी आहेत. समाजशास्त्रज्ञ योहान हाइलब्रोन यांची मांडणीही अशीच घरात शिरणारी होती. त्यांच्या १९९९ च्या लेखानुसार, अनुवादांच्या जागतिक व्यवहारात एखादी भाषा केंद्रात असते की कडेला, हे तिच्या बोलणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही. तिच्यातून इतर भाषांत किती पुस्तके जातात, त्यावर ठरते. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. युरोपातल्या कित्येक भाषांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे, आणि तरीही मराठी कादंबरी फ्रेंचमध्ये जायची तर बहुतेक वेळा तिला आधी इंग्रजीच्या दारातून जावे लागते.

आता मुख्य तक्रार. एकशे चाळीस पानांच्या वाचनसाहित्यात भारतातील समाजशास्त्राचा वाटा होता तो एका उताऱ्यापुरता, एम. एन. श्रीनिवास यांच्या संस्कृतीकरणाच्या संकल्पनेचा. तीही शिकवताना, मराठीत हा शब्द ऐकणाऱ्याला सुसंस्कृत होणे असा भलताच अर्थ लागतो आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींनी वरच्यांचे आचार उचलणे हा मूळ अर्थ हरवतो, हे कोणी बोलले नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला आणि मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी तो वाढवला. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा निबंध कोलंबिया विद्यापीठात १९१६ मध्ये वाचला. त्याच्या एक वर्ष आधी त्रिं. ना. आत्रे यांनी गावगाड्याचे, बलुत्या-अलुत्यांचे बारीक वर्णन थेट मराठीत लिहून ठेवले. यांपैकी कोणाचाही उल्लेख बारा आठवड्यांत झाला नाही.

सर्वांत खटकली ती समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची अनुपस्थिती. ज्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे काम केले, ते आमच्या वर्गापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. भारतातील नातेव्यवस्थेवरचा त्यांचा १९५३ चा ग्रंथ भाषाभाषांतील नात्यांच्या शब्दांवर उभा आहे, आणि तो माझ्या हाती आधी आला असता तर माझी एक चूक टळली असती. काही वर्षांपूर्वी एका मराठी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादात सून सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणते तेथे मी ‘अंकल’ लिहिले आणि ‘आत्याबाई’ला ‘आंट’. शब्दाला शब्द म्हणून ते चुकीचे वाटत नव्हते. पण महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. अशा लग्नात मुलीची सासू ही तिची सख्खी आत्या असते आणि आत्याच्या नवऱ्याला आपण मामा म्हणतो. म्हणजे सून सासू-सासऱ्यांना ज्या शब्दांनी हाक मारते, त्यांत ही विवाहाची रीत गोठून राहिली आहे, जेथे प्रत्यक्ष तसे लग्न झालेले नाही तेथेसुद्धा. माझ्या ‘अंकल’मुळे इंग्रजी वाचकाला ती सून कोणा लांबच्या नातेवाइकाकडे राहायला आल्यासारखी वाटली असणार. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ आणि मावसभाऊ या चौघांना इंग्रजीत एकच शब्द आहे, हे प्रत्येक अनुवादक जाणतो आणि त्यावर विनोदही करतो. या चौघांपैकी कोणाच्या बहिणीशी लग्न होऊ शकते आणि कोणाच्या नाही, हे त्या चार शब्दांत सांभाळून ठेवलेले आहे, हे मात्र समाजशास्त्रच सांगू शकते.

दुसरी तक्रार मूल्यमापनाची. शेवटी चार हजार शब्दांचा निबंध लिहायचा होता आणि तो इंग्रजीतच हवा होता. मी मराठीत लिहिण्याची परवानगी मागितली, तर परीक्षकांची सोय होणार नाही असे कार्यालयातून तोंडी कळले. अनुवादाच्या विभागात हे उत्तर मिळावे, याला काय म्हणायचे? हाइलब्रोन यांचा लेख मी त्याच दुपारी पुन्हा वाचला. बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत : छायाप्रतींची शाई काही पानांवर इतकी फिकट होती की तळटिपा कोऱ्याच वाटत, आणि प्रमाणपत्र दोन महिने उशिरा मिळाले.

असे असूनही पैसे फुकट गेले असे मी म्हणणार नाही. ज्यांनी निदान दोन-तीन वर्षे अनुवादाचे काम केले आहे आणि ज्यांच्या वहीत अडलेल्या शब्दांची यादी आहे, त्यांना या अभ्यासक्रमातून पुष्कळ मिळेल, कारण प्रत्येक संकल्पना टेकवायला त्यांच्याकडे स्वतःचे काहीतरी असते. नुकतीच पदवी घेतलेल्या मुलांचे तसे नसते. माझ्या शेजारी बसणारा मुलगा नवव्या आठवड्यात बोर्द्यू यांच्या तीन प्रकारच्या भांडवलांची नावे बिनचूक सांगत होता आणि ‘स्थळ’वर अजूनही अडत होता. त्यांच्यासाठी क्रम उलटा हवा : आधी जाहिरात, मग दुर्खीम.

पुढच्या तुकडीचे प्रवेश जूनमध्ये सुरू होणार असून शुल्क आठ हजार केल्याचे समजते. नाव नोंदवण्यापूर्वी विभागात जाऊन यंदाची वाचनयादी मागून घ्यावी, आणि निबंध मराठीत चालेल का याचे उत्तर लेखी घ्यावे. वाचनयादीत कर्वे आणि आत्रे आले असतील, तर तेवढ्या भागापुरते मीही पुन्हा जाऊन बसेन.