घरचं जवसाचं जेल: लाटदार केसांवर नऊ महिन्यांचा वापर

नोव्हेंबर ते जुलै, आठवड्यातून दोनदा, खांद्याखाली येणाऱ्या लाटदार केसांवर. पुण्याची थंडी, उन्हाळा आणि मुंबईचा पाऊस, तिन्हीत पारखून झालं. कोरड्या हवेत बाजारातल्या जेलची आठवणही येत नाही. पावसाळी मुंबईत मात्र हे दुपारपर्यंतच टिकतं. जवसाचा चिकटपणा पाण्यात विरघळणारा असल्याने दमट हवेत केसांवरचा थर मऊ पडतो आणि लाट सुटते. त्यात ग्लिसरीन घालण्याचा सल्ला सर्रास मिळतो. पावसाळ्यात तरी नको, ते हवेतली ओल ओढून केस आणखी फुलवतं.

कृती: पाव कप (सुमारे ४० ग्रॅम) अख्खे जवस, दोन कप पाणी. मुखवासाचे मीठ लावलेले घेऊ नयेत. मध्यम आचेवर सतत ढवळत राहायचं, नाहीतर बिया तळाला बसतात. उकळी आल्यावर सात-आठ मिनिटांनी फेस पांढरट होतो. चमचा उचलून पाहा, एकतारी पाकासारखी तार सुटली की लगेच गॅस बंद. खरी चूक इथेच होते. 'अजून थोडं घट्ट होऊ दे' म्हणून दोन मिनिटं जास्त ठेवलं की जेल गाळणीतून उतरतच नाही, कारण गार होताना ते आणखी घट्ट होतं. गरम असतानाच चहाच्या गाळणीतून गाळा. पिठाची बारीक चाळणी लगेच बुजते.

फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवा. वास आंबूस आला किंवा जेल पातळ झालं तर टाकून द्या. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून घातली की ते टिकतं, हा गैरसमज आहे. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंना अडवत नाही. जास्तीचं जेल बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तसं काढा.

लावताना केस निथळत असले पाहिजेत. टॉवेलने पुसून मग लावलं की जेल ठिकठिकाणी बसतं आणि मधले केस पिंजारतात. या लांबीला दोन ते तीन मोठे चमचे पुरतात. मोठ्या दातांच्या कंगव्याने पसरवा, डोकं खाली करून टोकांकडून मुळांकडे मुठीत दाबत जा, मग जुन्या सुती टी-शर्टने पाणी टिपा. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. कडक झालेले केस पूर्ण वाळल्यावर पुन्हा मुठीत दाबले की कडकपणा मोडतो, लाट राहते. पांढरे कण दिसले तर बहुतेक वेळा दोष जेलच्या आधी लावलेल्या लीव्ह-इन क्रीमचा (न धुता केसांत तसंच ठेवायचं क्रीम) असतो. क्रीम आणि जेल तळहातावर मिसळून पाहा, गुठळ्या झाल्या तर ती जोडी जमणार नाही.

कापणी चुकलेली असेल तर कुठलंही जेल कामाचं नाही. एकाच लांबीचे दाट केस स्वतःच्या वजनाने मुळाशी चपटे आणि खाली त्रिकोणी दिसतात. त्यांना लांब लेअर हवेत, आखूड नव्हेत. पार्लरमध्ये दाटपणा कमी करायला हटकून थिनिंग कात्री निघते, तिला आधीच नाही म्हणा. तिने कापलेले आखूड केस लाटेत बसत नाहीत, वर उभे राहतात. शक्यतो कोरड्या केसांवर, नेहमीच्या लाटेत असतानाच कापून घ्या. ओले केस ताणून कापले की वाळल्यावर लाट वर चढते आणि ठरवल्यापेक्षा बोटभर जास्त गेल्यासारखं वाटतं.

बोअरचं पाणी असेल तर काही आठवड्यांनी जेल धरेनासं होतं, कारण क्षार केसांवर साचतात. महिन्यातून एकदा ईडीटीए (क्षारांना धरून काढणारं रसायन) असलेला शाम्पू वापरला की फरक पडतो.

आणि गाळणी लगेच धुवा. उरलेल्या बिया सिंकमध्ये नकोत, कुंडीत टाका. वाळल्या की गाळणीच्या जाळीला अशा चिकटतात की काट्याने खरवडाव्या लागतात.