दोन एकर वरकस आणि दिवाळीनंतरचे सहा महिने: वाडी, मोगरा, स्ट्रॉबेरी की पाहुण्यांचा मुक्काम?

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडे ‘जगायला जाणं’ हा शब्द आजही रोजच्या बोलण्यातला आहे. भात झोडून झालं, दिवाळी झाली, की पाड्यावरच्या घरांना एकेक करून कुलूप लागतं. माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. लग्नासाठी नाहीतर आजारपणासाठी शेठकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते. मुलं शाळेतून उठतात. पाऊस तोंडावर आला की सगळे परत, राब भाजायला, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करायला, आणि नागली (नाचणी) लावायला.

वाड्याच्या किंवा बोईसरच्या कंपनीत कंत्राटावर असलेली, बारावी किंवा आयटीआय झालेली मुलं मला विचारतात, ‘गावी दोन एकर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आहे, पन्नास-साठ हजार साठलेत, परत जाऊन काय करू?’ कोणी म्हणतं आंबा-काजूची वाडी लाव, कोणी मोगरा सांगतं, कोणी सुरगाण्याची स्ट्रॉबेरी बघून आलेलं असतं, तर कोणाला भंडारदऱ्यासारखं पर्यटन हवं असतं. चारही मार्गांनी पैसा मिळवलेली घरं मी पाहिली आहेत आणि चारही मार्गांत फसलेलीसुद्धा. म्हणून मी एकाच कसोटीला धरून बसलो आहे: दिवाळी ते पाऊस या सहा महिन्यांत घरातली माणसं घरी राहतील आणि त्यांच्या हातात पैसा येईल, असं यातलं कोणतं? एकरी उत्पन्नाचे मोठे आकडे त्यानंतर बघू.

आधी पाणी मोजा

या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि उतारावरून थेट वैतरणा-पिंजाळ या नद्यांना जाऊन मिळतो. मुंबईसाठीचं मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये मोखाड्यातच पूर्ण झालं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका मे महिन्यात टँकरची वाट बघतात. हे मला आजही सहन होत नाही. पण निर्णय घ्यायला बसलात की स्वतःच्या शिवारातलं पाणीच धरून चालावं लागतं.

माझा ढोबळ हिशेब असा. एका एकरात ६० कलमं, प्रत्येकाला आठवड्याला १० लिटर, नोव्हेंबर ते मे सुमारे २८ आठवडे, म्हणजे १७ हजार लिटरच्या आसपास. ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्ड्यात प्लास्टिक कागद अंथरून पावसाचं पाणी साठवलं तर साडेबावीस हजार लिटर मावतं. वर गवताचं छप्पर घातलं तर वाफ कमी होऊन ते पुरतं. दहा गुंठे मोगऱ्याला फेब्रुवारी ते मे दिवसाआड पाणी द्यायचं तर लाख-सव्वा लाख लिटर लागतं. दहा गुंठे स्ट्रॉबेरीला ठिबक लावूनही हंगामात चार लाखांच्या पुढे. म्हणजे वाडी खड्ड्यातल्या पाण्यावर जगेल, मोगऱ्याला बारमाही झरा किंवा विहीर हवी, आणि स्ट्रॉबेरीला भरवशाची विहीर, पंप आणि वीज हे तिन्ही हवं.

वाडी: सर्वांत टिकाऊ, पण उशिराची

वाडीचा नमुना आपल्याकडे ‘बाएफ’ने आणला. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला सुरू केलेल्या या संस्थेने १९८२ मध्ये गुजरातमधल्या वांसद्याला आदिवासी कुटुंबांसोबत एकेक एकराच्या वाड्या उभ्या केल्या. पुढे नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने तोच आराखडा देशभर नेला. रचना साधी: आत आंबा-काजूची कलमं, मधल्या जागेत पहिली काही वर्षं नागली, उडीद, भाजीपाला, आणि कडेने साग, बांबू, शेवगा, ग्लिरिसिडिया यांचं कुंपण. फळबाग लागवड १९९० पासून रोजगार हमीला जोडलेली आहे, त्यामुळे स्वतःच्या रानात खड्डे खणल्याची मजुरीसुद्धा मिळू शकते.

अडचण पहिल्या चार वर्षांत आहे. काजू तिसऱ्या वर्षापासून थोडा दिसतो, भरवशाचा पैसा पाचव्या-सहाव्या वर्षी. तोवर घरात खायला काय? उत्तर सापडलं नाही की माणसं भट्टीवर जातात, आणि ती गेली की वाडी मरते. भात निघाल्यावर गुरं मोकळी सुटतात, ती कोवळी पालवी खाऊन जातात. आठवड्याला ६०० लिटर म्हणजे चाळीस हंडे, ते वाहायला कोणी उरत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागतो आणि जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेला पट्टा) काढायला माणूस नसतो. वाडी फसली की ‘इथली जमीनच तशी’ असं म्हणतात. मी बघितलेल्या बहुतेक मेलेल्या वाड्यांत जमीन बरी होती, घर बंद होतं.

आणखी एक गोष्ट, जी कागदावर कुठे लिहून मिळत नाही. कलमाच्या जोडाखालून, म्हणजे खालच्या गावठी खुंटातून, कोंब फुटतो. तो जोमदार असतो, नवीन माणसाला वाटतं झाड छान वाढतंय. दोन वर्षांनी वरचं कलम सुकून गेलेलं असतं आणि उभं असतं ते रायवळ. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक जोडाला हात लावून खालचा कोंब नखाने खुडावा लागतो. त्यासाठी माणूस गावात हवा.

आंबा की काजू, हे रस्त्यावर ठरवा. आंबा उतरवला की दिवस मोजायला लागतात. काजू बी वाळवून पोत्यात भरली की भावाची वाट बघत महिने-महिने घरात थांबते. ज्या पाड्यावर जीप येत नाही तिथे मी वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ या काजूच्या जातींना झुकतं माप देईन. मोहोराच्या वेळी ढेकण्या या किडीवर लक्ष ठेवायचं आणि आफ्रिकेतून येणाऱ्या बीमुळे दर पडतो हे धरून चालायचं.

मोगरा: लवकर पैसा, रोजची बांधिलकी

विक्रमगड-जव्हारच्या बाजूला मोगऱ्याने बरीच घरं सावरली. पाच बाय पाच फुटांवर लावला तर दहा गुंठ्यांत चारशेच्या वर रोपं बसतात. पावसात लावायचा, पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाला छाटणी करायची, आणि फेब्रुवारीपासून कळी सुरू. भट्टीवर ज्या महिन्यांत माणसं जातात, नेमक्या त्याच महिन्यांत मोगरा पैसा देतो. म्हणूनच माझ्या कसोटीवर हे पीक सगळ्यांत वर येतं.

पण त्याची तोडणी एकदा प्रत्यक्ष बघा. माझ्या आत्याच्या पाड्यावर पहाटे साडेतीनला उठावं लागतं. कपाळाला बॅटरी, कमरेला ओटी बांधलेली. पांढरी, भरलेली, पण न उमललेली कळी तेवढी खुडायची. उजाडल्यावर उमलू लागलेल्या कळीला बाजारात भाव नाही. हिरवट कळी चुकून आली तर व्यापारी वजनात कापून घेतो. चिमटीत देठ धरून खुडताना तासाभरात बोटं काळी पडतात. दोघीतिघींची ओटी मिळून तीन-चार किलो झाली की ओल्या फडक्यात बांधून सहाच्या जीपला द्यायची. दुपारी दादरच्या फूलबाजारातून भाव कळतो. लग्नसराईत आणि पाडव्याला किलोला कित्येकशे रुपये, मधल्या पडत्या दिवसांत शंभराच्या आसपास. कळी आज खुडली नाही तर उद्या ती फुकट. घरात लग्न असो, मयत असो, बाग थांबत नाही.

आणि हे काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. तेव्हा मोगरा लावायचा निर्णय घरातल्या पुरुषाने एकट्याने घेऊ नये. पैसा तिच्या खात्यावर येईल, हे लावणीआधी बोलून घ्या.

एकट्याने दहा गुंठे लावून भागत नाही. एका पाड्यावरची दहा-पंधरा घरं एकत्र आली तरच जीपचं भाडं परवडतं आणि व्यापाऱ्याशी दोन शब्द बोलता येतात.

स्ट्रॉबेरी: शेजारी कोण आहे ते बघून

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथून रोपं नेऊन सुरगाणा तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी सापुताऱ्याच्या रस्त्यालगत बागा फुलवल्या. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण नक्कल करण्याआधी त्यांच्याकडे काय आहे ते बघा. सापुताऱ्याला जाणारी गाडी त्यांच्या बांधाजवळून जाते आणि गिऱ्हाईक उतरून डबी विकत घेतं. सकाळी तोडलेलं फळ दुपारपर्यंत खपतं. थंडीही चांगली पडते.

जव्हार साडेचारशे मीटरवर, महाबळेश्वर १,३७२ मीटरवर. थंडीतला हा फरक फळाच्या हंगामात दिसतो. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दहा गुंठ्यांना पाच हजारांच्या आसपास रोपं विकत घ्यायची, गादीवाफे, मल्चिंग कागद, ठिबक, औषधं, डब्या, असा सगळा खर्च पहिलं फळ दिसण्याआधी होतो. फळ दोन-तीन दिवसांच्या पुढे टिकत नाही. अवकाळी पावसाच्या एका रात्रीत हंगाम जाऊ शकतो. साठवलेले साठ हजार यात एकदम घालू नका. विहीर पक्की असेल आणि बाग डांबरी रस्त्याला लागून असेल, तर पहिल्या वर्षी दोन गुंठे करून बघा.

पाहुण्यांचा मुक्काम

भंडारदऱ्याला धरण आहे, कळसूबाईचं १,६४६ मीटरचं शिखर आहे, साम्रदजवळ सांधण दरी आहे आणि पावसाच्या तोंडावर काजवे. तिथल्या गावांत तंबू, जेवण, वाटाड्या या कामांतून घरात रोख येऊ लागली, मुलं गावात थांबली. जव्हारलाही दाभोसा धबधबा आणि जुना राजवाडा आहे, पावसाळी शनिवार-रविवारी गर्दी होते.

पण गर्दीचा बहर आहे जूनच्या आसपास आणि पावसात, म्हणजे माणसं गावातच असतात आणि शेतीचं काम गळ्यापर्यंत आलेलं असतं तेव्हा. लावणीचा दिवस आणि पाहुण्यांची पंगत एकाच घरावर येते. चुलीपुढे कोण बसणार? डिसेंबर-जानेवारीत थोडी मंडळी येतात. मार्च ते मे जवळपास कोणी नाही. काजव्यांच्या जागी गाड्यांचे दिवे आणि गवत तुडवणारे पाय वाढले की ज्या गोष्टीसाठी लोक येतात तीच कमी होत जाते.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. शहरातलं कोणी ‘जागा तुमची, पैसा माझा’ म्हणून आलं तर आधी तलाठ्याकडे जा. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायलाच काय, भाडेपट्ट्याने द्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. साध्या कागदावरचा करार पुढे तुम्हालाच गोत्यात आणतो. वनपट्ट्याची, म्हणजे वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन असेल तर प्रश्नच मिटला, ती हस्तांतरित होत नाही. पाहुण्यांसाठी राहत्या घराला एक खोली आणि एक स्वच्छ संडास-बाथरूम जोडा. तेवढ्यावर दोन हंगाम काढून मग पुढचं बघा.

नागली-वरईला कमी लेखू नका

नागलीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये आहे. वरईला हमीभावच नाही, आणि तरी तीच वरई सडून, म्हणजे टरफल काढून, नाशिकच्या गिरण्यांतून भगर होऊन महाराष्ट्रभरच्या उपासाच्या ताटात जाते. पोत्याने विकणाऱ्याला सडणाऱ्याच्या मानाने फार थोडं मिळतं. बचत गटाने वरई सडायचं छोटं यंत्र घेतलं तर हे काम दिवाळीनंतरच करायचं असतं, जमीन अडत नाही, पाणी लागत नाही. कमी पाण्याच्या पाड्यांसाठी मला हा मार्ग मोगऱ्याच्या खालोखाल वाटतो.

आणि ज्याच्याकडे दोन एकरही नाहीत त्याने काय करावं? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून ग्रामसभेने स्वतःच्या शिक्क्याने बांबू विकला. त्यामागे वर्षानुवर्षांच्या ग्रामसभा होत्या. तेवढा बांबू आपल्या डोंगरात सगळीकडे नाही, पण मोह आहे, करवंद आहे, काही गावांत असे वनहक्काचे दावेही मंजूर आहेत. हा एकट्याने घ्यायचा निर्णय नाही, म्हणून वरच्या चार पर्यायांच्या रांगेत तो बसवला नाही.

मला कोणी आपल्या रानात उभं करून विचारलं तर: झरा मेपर्यंत वाहत असेल तर पहिल्या पावसात आठ-दहा गुंठे मोगरा, आणि त्याच वर्षी उरलेल्यातल्या एका एकरात काजूची वाडी. मोगरा माणसाला घरी ठेवेल आणि घरी राहिलेलं माणूस कलमांना पाणी घालेल. झरा होळीलाच आटत असेल तर खड्डा खणून वाडी, आणि वाडी हाताशी येईपर्यंत वरई सडायचं काम. त्यावर घर चालत नसेल तर एकाने कंपनी सोडू नये, पण दुसऱ्याने गावात राहावं. नोकरीचा राजीनामा मात्र मेच्या आधी देऊ नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात गावी जा, विहिरीत दगड बांधून दोरी सोडा, आणि ती किती हात ओली होते ते बघा.